तपासणीचा मेहनताना

हवल्लीत ट्युनिस रस्त्याच्या आसपास राहणारा मराठी नोकरदार, आपल्या बरीच वर्षे वापरलेल्या मोटारीला पूर्वीसारखा पिकअप राहिला नाही अशी फिर्याद घेऊन जेव्हा शुवैखच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गॅरेजात रुजू होतो, तेव्हा बहुधा त्या फिर्यादीचा तपास होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो: प्लग बदला, कॉइल बदला, पेट्रोलचा पंप बदला, आणि एवढे करूनही गाडी ओढेना तर इंजिन उतरवा. सुट्या भागांचे बिल मुकाट्याने चुकते करणारा हाच गृहस्थ, नुसत्या तपासणीचे चार-पाच दिनार मागितले की मात्र ‘असे केलेत तरी काय तुम्ही?’ म्हणून हुज्जत घालतो. जोवर ही वृत्ती कायम आहे, तोवर एकट्या मिस्त्रीला दोष देण्यात काही हशील नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ इग्निशनचे टायमिंग चुकल्यामुळे होणाऱ्या शक्तिक्षयाइतका बोलका दाखला मला दुसरा दिसत नाही.

ठिणगी पडली की तत्क्षणी स्फोट झाला, ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी यथार्थ नाही. सिलिंडरातील मिश्रण पुरते पेटण्यास सेकंदाचे काही सहस्रांश लागतात, आणि मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँक तेवढ्यातल्या एकाच सहस्रांशात १८ अंश फिरून जातो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या बऱ्याच आधी ठिणगी टाकावी लागते, की जेणेकरून दाबाचा परमोच्च बिंदू माथा ओलांडल्यावर सुमारे १५ अंशांनी यावा. सायकलचे पायडल अगदी माथ्यावर असताना कितीही भार दिला तरी व्यर्थ जातो, ते किंचित पुढे कलले की तोच भार कामी येतो, तसाच हा प्रकार. ठिणगी उशिरा पडली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टायमिंग मागे असले, तर दाब उतरत्या पिस्टनच्या पाठीमागे धावत राहतो, पेट्रोल जळते पण काम करीत नाही, आणि वाया गेलेली उष्णता एक्झॉस्टवाटे बाहेर पडताना मॅनिफोल्ड लालबुंद होण्यापर्यंत मजल जाते. फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच दाबाचा विरोध होतो, जोर देताच इंजिन ठोकू लागते, आणि गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळतो. कारणे परस्परविरुद्ध, मालकाची तक्रार मात्र दोन्हीकडे एकच.

मुंबईतल्या ज्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, तिच्या जमान्यात मिस्त्री डिलकोचा, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, नट सैल करून केवळ कानाने टायमिंग बांधीत, आणि चढावर ठोका किंचित उमटून लगेच विरला की ते बसले असे समजत. ही विद्या हिणवण्याजोगी खचित नव्हे. परंतु हवल्लीला घाट नाही. फार तर चौथ्या रिंगरोडवरचे उड्डाणपूल. त्यातच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, इंजिन दमले की आपण होऊन खालचा गिअर घालतो आणि त्याची अशक्तता मालकापासून कितीतरी महिने दडवून ठेवतो.

कान सोडून उपकरणावर विसंबावे, तर तेही कधी चकवते. आखाती देशांत ज्या कॅप्रिसवर लोकांचा जीव जडला होता, त्या शेव्हरोलेटचे नव्वदीच्या आरंभीचे आठ सिलिंडरांचे इंजिन घ्या. क्रँकच्या पुढल्या टोकावरील बॅलन्सरची बाहेरची कडी आतल्या गाभ्याला केवळ रबराने धरलेली असते, आणि टायमिंगची खूण असते ती नेमकी याच कडीवर. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होऊन चिरले, की कडी हळूच सरकते व तिच्यासवे खूणही; मग मिस्त्रीने संगणकाची नेमून दिलेली वायर सोडून, टायमिंग लाइट लावून, खूण अगदी नियमाप्रमाणे अंशांच्या पट्टीवर आणली तरी कागदोपत्री सारे बिनचूक आणि गाडी मात्र जागची हलेना, अशी गत होते. शहानिशेचा मार्ग साधा आहे. बॅटरीची वायर काढून, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या छिद्रात पिस्टन अडेल असा स्टॉपर बसवावा, क्रँक हाताने एकदा इकडून आणि एकदा तिकडून अडेपर्यंत फिरवून बॅलन्सरवर दोन रेघा माराव्यात. त्यांच्या मधोमध येतो तो खरा माथा, आणि तो मूळ खुणेशी जुळला नाही, तर खूणच फितूर झाली असे समजावे. या कामाला वेळ लागतो, अक्कल लागते, पण सुटा भाग एकही लागत नाही; म्हणूनच प्रचलित बिलात त्याला जागा नाही. याउलट टायमिंग चेन एक दात सरकली असताना डिलको फिरवून वेळ मारून नेली, तर गिऱ्हाईक तूर्त खूश होते आणि मूळ रोग जागच्या जागी राहतो.

अलीकडच्या गाड्यांत डिलको गेला आणि ठिणगीचा हुकूम संगणकाकडे आला, तरी तपासाची गरज उणावलेली नाही. कुवेतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले; अशा हवेत आत येणारा वारा मुळातच विरळ व तप्त, त्यात ९५ ऑक्टेनसाठी घडलेल्या इंजिनात काटकसर म्हणून ९१ चे पेट्रोल, मग ठोक्याची चाहूल लागताच संगणक ठिणगी मागे घेतो आणि शक्ती उतरते. येथे यंत्र बिघडलेले नसून उलट आपले रक्षण करीत असते. तरीही कॉइल बदलली जाते!

म्हणून गॅरेजात गाडी देताना मालकाने तपासणीचा मेहनताना आधीच कबूल करावा, आणि मोबदल्यात गॅरेजच्या जॉब कार्डावर आकडे मागावेत: कॉम्प्रेशन किती, इंजिन गरम असताना व भार असताना टायमिंग किती अंश, संगणक त्यातून किती मागे घेतो, आत येणाऱ्या हवेचे तापमान काय. टाकीत कोणते पेट्रोल आहे हे मालकानेही खरे सांगावे. हे आकडे लिहून मिळेपर्यंत एकही भाग बदलण्यास संमती देऊ नये, इंजिन उतरवण्यास तर मुळीच नाही.