उठण्याआधी जरा बसा

चाळीस वर्षं मुलांना "उभा राहा" म्हणून दरडावलं. आता उभं राहणं हीच माझी परीक्षा झालीय! गेल्या महिन्यात पहाटे अंथरुणातून उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मोरीच्या दारात पडलो. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

डॉक्टरांनी आधी आडवं झोपवून रक्तदाब मोजला, मग उभं करून. वरचा आकडा १४० वरून ११० वर! उभं राहिल्यावर तीन मिनिटांत तो २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर दखल घ्यायची असते. मी लगेच गोळी मागितली. मिडोड्रिन नावाची गोळी आहे. ती रक्तवाहिन्या आवळून दाब चढवते. पण आडवं झाल्यावर तो नको इतका चढू शकतो, म्हणून शेवटची गोळी झोपेच्या निदान चार तास आधी घ्यावी लागते. काहींना तिच्याशिवाय गत्यंतर नसतं, हेही खरं.

डॉक्टर म्हणाले, "सर, आधी तुमची औषधांची पिशवी दाखवा." पिशवीत प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन आणि रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळी. दोन्ही उभ्या माणसाचा दाब उतरवू शकतात. दोन डॉक्टरांनी दिलेल्या, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं मीच राहून गेलो! त्यांनी एक बदलली. नवी गोळी लागली नाही.

मंडळी, मनानं कुठलीच गोळी बंद करू नका. पण नवी मागण्याआधी जुन्यांची हजेरी घ्या. आणि डॉक्टरांना सांगा, "एकदा उभं करूनही मोजा."