नारळाचे दूध : पुढचे नव्हे, मागचे वाचा

गेल्या महिन्यात एक गृहस्थ तपासणीसाठी आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. औषधे नियमित, विडी सुटलेली, रोजचे चालणेही चालू. तरी रक्तातील चरबीचा अहवाल बिघडलेला. आहाराची चौकशी केली तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही नारळ बंद सांगितलात, तेव्हापासून मी खवणीला हात लावलेला नाही. सोलकढीला, आमटीला बाजारातले नारळाचे क्रीम वापरते. त्यात कोलेस्टेरॉल नाही असे वर छापले आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामा खोका आणून दाखवला.

छापलेले खोटे नव्हते. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असते. नारळात ते नसतेच. पण आपले यकृत स्वतः कोलेस्टेरॉल तयार करते आणि आहारातील संपृक्त चरबीमुळे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते. नारळाच्या चरबीत सुमारे नऊ दशांश भाग संपृक्त असतो. खोक्याच्या पुढच्या बाजूने ही गोष्ट सांगितली नव्हती. ती मागे, बारीक अक्षरांतल्या तक्त्यात होती.

चूक माझीही होती. 'नारळ बंद' एवढे सांगून मी मोकळा झालो. आपल्या कोकणात, गोव्यात नारळ बंद म्हणजे स्वयंपाकघरच बंद. किती आणि कोणता, हे सांगायला हवे होते. ते आज सांगतो.

आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार (कोडेक्स, 2003) 'कोकोनट मिल्क'मध्ये किमान 10 टक्के चरबी हवी, 'क्रीम'मध्ये किमान 20 टक्के. 'लाइट' असेल तर किमान 5 टक्के. लाइट म्हणजे काही वेगळी जादू नव्हे. पाणी अधिक, चरबी कमी. आता हिशेब करा. 200 मिलिलिटर क्रीमच्या खोक्यात सुमारे 40 ग्रॅम चरबी, त्यातली 36 ग्रॅम संपृक्त. दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्या माणसाने संपृक्त चरबी साधारण 22 ग्रॅमच्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. खोका चौघांत वाटला तरी माणशी 9 ग्रॅम झाले. फोडणीचे तेल, दूध, तूप अजून यायचेच आहे. तेवढेच 'मिल्क' घेतले तर आकडा निम्म्यावर येतो.

म्हणून माझे मत असे. रोजच्या आमटीला क्रीम नकोच. सणावारी रस-शिरवाळ्यांना घट्ट दूध हवे तर जरूर करा. पण हृदयविकार असलेल्याने वाटी लहान घ्यावी.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, 100 ग्रॅममधील संपृक्त चरबीचा आकडा. दुसरी, घटकांची यादी. त्यात जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहिलेला असतो. नारळाच्या आधी पाणी असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देत आहात. साखर दिसली तर ते गोड पेयासाठीचे क्रीम आहे, मधुमेह्याच्या स्वयंपाकाला ते नको. भुकटीच्या पाकिटात पुष्कळदा दुधातील प्रथिन, केसीन, घातलेले असते. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी लक्षात ठेवावे. तिसरी, तारीख आणि डब्याची स्थिती. फुगलेला, चेपलेला किंवा शिवणीवर गंजलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. फुगलेला डबा चाखूनसुद्धा पाहू नये. त्यातील विषबाधा जीव घेऊ शकते. मात्र वर साय आणि खाली पाणी असे दिसले म्हणजे माल बिघडला असे नव्हे. तो नारळाच्या दुधाचा स्वभावच आहे. ढवळले की एकजीव होते. डबा फोडल्यावर उरलेले दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे.

आणि खवणी? ती पुन्हा काढा. जड, हलवल्यावर पाणी वाजणारा, डोळे कोरडे आणि बुरशी नसलेला नारळ निवडावा. खोबरे वाटून पहिले दूध काढले की कोमट पाणी घालून दुसरे काढावे. रोजच्या सोलकढीला हे दुसरे, पातळ दूध पुरते. त्यात चरबी कमी, आणि चोथा भाजीत घातला तर तंतूही पोटात जातात. कच्चे दूध मात्र उन्हाळ्यात काही तासांतच आंबते. त्याच वेळच्या जेवणापुरतेच काढावे.

त्या बाईंना मी हेच सांगितले. त्यांनी विचारले, "म्हणजे नारळ चालेल?" मी म्हटले, "चालेल. पण वाटीने मोजून." पुढील अहवाल तीन महिन्यांनी आहे. तोवर वाचकांनीही आपल्या फडताळातील खोका उलटा करून पाहावा.