सुटलेले चार टाके

आम्ही दोघेही पदव्युत्तर वर्गाला मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीला विणकाम येते. दुसऱ्याला सुया कशा धराव्यात हेही ठाऊक नाही. तरीही सध्या फॅशनमध्ये असलेल्या एका स्वेटरविषयी दोघांनी मिळून लिहावे असे वाटले, कारण तो आमच्या वर्गात आला तोच मुळी एक वाङ्मयीन प्रश्न घेऊन.

झाले असे की, तौलनिक साहित्याच्या तासाला एक विद्यार्थिनी सायीच्या रंगाचा, उठावदार वेण्यांच्या नक्षीचा स्वेटर घालून आली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील तीन खडकाळ बेटांवरून ह्या प्रकाराला 'ॲरन स्वेटर' म्हणतात. २०१९ च्या 'नाइव्ह्ज आउट' ह्या चित्रपटातील ख्रिस इव्हान्सचा पांढरा स्वेटर आणि २०२० मधील टेलर स्विफ्टच्या 'कार्डिगन' ह्या गीतासोबतचे तसेच कार्डिगन, ह्यांनी जुनी आवड पुन्हा तरुण केली. विद्यार्थिनीचा स्वेटर यंत्रावर विणलेला होता. मात्र त्याला जोडलेली चिठ्ठी तिने कौतुकाने जपली होती आणि ती तिने वर्गाला वाचून दाखवली. वेणी म्हणजे कोळ्याचा दोर, मधाच्या पोळ्यासारखी वीण म्हणजे मधमाशीचे कष्ट, हिरा म्हणजे बेटावरची लहान लहान शेते, नागमोड म्हणजे संसारातील चढउतार. शेवटी असे की, प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली असे आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचे प्रेत तिच्यावरून ओळखले जाई.

वर्ग भारावला. "म्हणजे हा स्वेटर एक संहिताच झाली की!" एकजण म्हणाला. आम्हांलाही क्षणभर बरे वाटले. आपली समीक्षा नाहीतरी विणकराच्याच भाषेत बोलते. कथानकाची वीण, आशयाचा पोत, निवेदनाचा धागा. शिवाय मागावर होते तेही विणणे आणि दोन सुयांवर होते तेही विणणे, अशी मराठीची सोय आहे. अडचण एवढीच, की चिठ्ठीवरची कुळाची कथा खरी नाही आणि नक्षीचे अर्थही मागाहून चिकटवलेले आहेत.

हा स्वेटर प्राचीन नाही. बेटांवरील स्त्रियांनी किनाऱ्यावरील कोळ्यांच्या साध्या जर्सीवरून पुढे जात तो विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत घडवला. १९३० मध्ये म्यूरिएल गाहन ह्यांनी डब्लिनमध्ये 'द कंट्री शॉप' हे दुकान उघडले आणि ह्या विणकामाला शहरात गिऱ्हाईक मिळाले. १९३६ मध्ये हाइन्झ एडगर कीवे ह्या लोकरीच्या व्यापाऱ्याने डब्लिनमध्ये असा एक पांढरा स्वेटर पाहिला. त्याला त्या नक्षीत मध्ययुगीन 'बुक ऑफ केल्स'मधील गुंफणीचे रूप दिसले. १९६७ च्या 'द सेक्रेड हिस्ट्री ऑफ निटिंग' ह्या पुस्तकात त्याने ह्या टाक्यांना पवित्र आणि पुरातन ठरवले. पुढे १९८७ मध्ये रिचर्ड रट ह्यांनी हाताच्या विणकामाचा इतिहास लिहिताना कीवेच्या दाव्यांना आधार नसल्याचे दाखवले. रट हे लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः विणणारे होते. तेव्हा पावित्र्य आणि टाका ह्या दोन्हींची पारख त्यांना होती असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु प्रेत ओळखण्याची कथा आली कोठून? येथे आमचा विषय सुरू होतो. जॉन मिलिंग्टन सिंज ह्याची 'रायडर्स टू द सी' ही एकांकिका १९०४ मध्ये रंगभूमीवर आली. दूर डोनेगलच्या किनाऱ्याला लागलेल्या एका प्रेताचे कपडे बेटावर येतात, एक सदरा आणि एक पायमोजा. ते आपल्या भावाचे, मायकेलचे, आहेत का हे दोन बहिणींना ठरवायचे आहे. आधी त्या सदऱ्याचे कापड घरातल्या कापडाशी ताडून पाहतात. जुळते; पण तसल्या कापडाचे तागे गॉलवेच्या दुकानांत पडलेले असतात, तेव्हा तो सदरा कोणाचाही असू शकतो. मग धाकटी नोरा पायमोजा हातात घेऊन टाके मोजते. तो तिने स्वतः विणला होता. टाके साठ घातले होते आणि त्यांतले चार सोडले होते. हिशेब जुळतो, आणि मायकेल गेला हे घराला कळते.

सिंजने लिहिले ते इतकेच. तेथे कुळाची नक्षी नाही, प्रतीक नाही, वेणी नाही. एक साधा मोजा आहे आणि तो विणणारीची स्मृती आहे. सिंजने आपल्या 'द ॲरन आयलंड्स' ह्या १९०७ च्या पुस्तकात बेटावरील पोशाखाकडे बारकाईने पाहिले आहे. आज प्रसिद्ध असलेला पांढरा नक्षीदार स्वेटर मात्र त्यात कोठेही येत नाही. ह्या प्रसंगाला पुढे कोणीतरी नक्षी जोडली, कोणीतरी कूळ जोडले आणि तो दुकानाच्या चिठ्ठीवर जाऊन बसला.

आमची तक्रार दंतकथेविरुद्ध नाही. दंतकथांवर आमचे अर्धे वेतन चालते. तक्रार ही, की ह्या विशिष्ट दंतकथेने नोराचा हात पुसला. नाटकात ओळख पटते ती एका स्त्रीने कसे विणले हे तिचे तिला ठाऊक असल्यामुळे. चिठ्ठीत ओळख पटते ती कुळामुळे, म्हणजे बहुधा वडिलांच्या नावामुळे. नक्षी शतकानुशतके 'चालत आलेली' ठरली की ती कोणा एकीने रचली असेल हा प्रश्नच उरत नाही. आणि रचणारी नसली की तिला रचनेचे मोलही द्यावे लागत नाही. उलट हा स्वेटर शंभरेक वर्षांचाच आहे हे मान्य केले, तर काही स्त्रियांनी आपल्या बुद्धीने एक नवे रूप निर्माण केले हेही मान्य करावे लागते. आमच्या मते त्यामुळे स्वेटरची योग्यता वाढते.

हे आपल्याकडेही घडले आहे. जात्यावरच्या ओवीला 'अनामिक लोकप्रतिभा' म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या गौरवले, आणि त्या गौरवातच गाणारीला अनामिक करून टाकले. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा करताना गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले, तेव्हा ओवीचा अर्थ बदलला नाही. तिला मात्र माणूस मिळाले.

फॅशनच्या जगालाही सुटलेल्या टाक्याचे मोल कळते, पण ते निराळ्या वाटेने. १९८२ मध्ये रेई कावाकुबो ह्यांनी 'कॉम दे गार्सों'साठी भोकाभोकांचा काळा स्वेटर केला. त्यासाठी विणकामाच्या यंत्राचे स्क्रू सैल करून टाके गळू दिले. यंत्राच्या निर्दोषपणाला दिलेले ते उत्तर होते. १९९५ मध्ये जपानच्या शिमा सेइकी ह्या कंपनीने शिवणीशिवाय अखंड स्वेटर विणणारे यंत्र आणले. आज उसवलेल्या, विरलेल्या विणीचे स्वेटर ठरवून बनवले जातात आणि हजारो प्रतींत तोच टाका त्याच जागी सुटतो. आम्ही यंत्राला दोष देत नाही. स्वस्त ऊब ही थोर गोष्ट आहे. पण हजार ठिकाणी सारखाच सुटलेला टाका कोणाचीच ओळख पटवू शकत नाही. तो गॉलवेच्या दुकानातल्या ताग्यासारखा आहे.

ह्यावर एक आक्षेप आमच्यातल्याच एकाने घेतला. कीवेसारख्यांनी कथा रचली नसती तर ह्या विणीकडे जगाचे लक्ष गेले असते का? चार पैसे बेटावर गेले ते कथेमुळेच ना? आक्षेप खरा आहे. मात्र नाव सांगूनही लक्ष वेधता येते. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने फॅशनवरील प्रदर्शनात ॲरन स्वेटर मांडला. २०२२ च्या 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' ह्या चित्रपटातले स्वेटर डेलिया बॅरी ह्या ऐंशी ओलांडलेल्या आयरिश बाईंनी हाताने विणले, आणि लोकांनी नक्षीच्या कुळाऐवजी त्यांची चौकशी केली.

विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की प्रतीके शोधण्याची घाई करू नये. उत्तरपत्रिकांत समुद्र दिसला की मृत्यू आणि दोर दिसला की बंधन, असे अर्थ चिठ्ठीवरून उतरवल्यासारखे येतात. आधी टाके मोजावेत. संहितेत काय आहे, किती आहे, कोठे सुटले आहे आणि ते कोणाच्या हातून, हे पाहिल्यावर अर्थ शोधावा. तो बहुधा चिठ्ठीपेक्षा साधा निघतो आणि अधिक जिव्हारी लागतो.

पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीने विचारले, "मग हा स्वेटर घालू की नको?" अवश्य घालावा, असे आम्ही म्हटले, थंडी खरी आहे. तिने चिठ्ठी काढून पुन्हा एकदा पालथी-सुलटी करून पाहिली. विणणाऱ्याचे नाव त्यावर कोठेच नव्हते.