ऐंशी पैशांची सवलत

काडतूस हलकं झालं म्हणजे खेळ स्वस्त झाला, असं जो सांगतो, त्याने काडतुसांचं एकही खोकं स्वतःच्या खिशातून घेतलेलं नसतं. हे मी एका शूटिंग क्लबच्या पदाधिकाऱ्याला तोंडावर सांगितलं आणि तेव्हापासून त्या गृहस्थांनी माझा फोन उचलणं सोडलं आहे. मी पाथर्डीत मुलांना खेळ शिकवतो. आमच्या तालुक्यातली दोन-चार पोरं तबकडीच्या, म्हणजे शॉटगनच्या नेमबाजीत घालता येतील का, एवढंच विचारायला गेलो होतो. साहेब म्हणाले, "सर, आता चोवीस ग्रॅमचीच काडतुसं चालतात. पूर्वी बत्तीस ग्रॅमची होती. खर्च उतरलाय. पाठवा की पोरं!"

हिशेबच करू. आंतरराष्ट्रीय नियमाने काडतुसातल्या छर्‍यांचं वजन बत्तीस ग्रॅमवरून अठ्ठावीसवर आलं आणि अठ्ठावीसवरून चोवीसवर. ते गरिबाच्या कळवळ्याने उतरलेलं नाही. नेमबाज फारच अचूक झाले, म्हणून खेळ जरा अवघड करायचा होता. काही क्लब आता एकवीस ग्रॅमचीही भाषा करतात. शिसं किलोला दोनशे रुपये धरा. अठ्ठावीसचे चोवीस केले की चार ग्रॅम शिसं वाचलं, म्हणजे ऐंशी पैसे. चोवीसचे एकवीस केले तर साठ पैसे. काडतुसातलं सगळंच्या सगळं शिसं काढून घेतलं आणि पोराच्या हातात नुसती नळी दिली, तरी पाच रुपये वाचत नाहीत. पैसा जातो तो दारूला, टोपीला, प्लास्टिकच्या नळीला, आतल्या बुचाला, परदेशातून येणाऱ्या मालाच्या वाहतुकीला, जकातीला आणि मधल्या विक्रेत्याच्या नफ्याला. त्यातलं काहीही हलकं झालेलं नाही.

आता ट्रॅप या तबकडीच्या प्रकाराची एक फेरी बघा. पंचवीस तबकड्या. डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची ही तबकडी, अकरा सेंटिमीटर व्यासाची, वजन एकशे पाच ग्रॅम. पोराने हाक दिली की समोरच्या खंदकातून ती सुटते, डावीकडे, उजवीकडे की सरळ, ते आधी कळत नाही. पहिली गोळी चुकली तर दुसरी मारता येते. म्हणजे पंचवीस तबकड्यांना शिकाऊ पोराची तीस काडतुसं सहज उडतात. काडतूस पन्नास रुपयांना धरलं तर फेरी दीड हजाराची. फुटलेल्या आणि न फुटलेल्या तबकड्यांचे पैसे वेगळे, रेंजचं भाडं वेगळं.

दीड हजार म्हणजे किती, हे पाथर्डीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दसरा झाला की ऊसतोडीसाठी इथल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, आणि पोरं एक तर कारखान्यावर नाही तर आजीकडे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्याचा केवढा गाजावाजा झाला! तरीही टनाला साडेतीनशेच्या आसपासच. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले तर सातशे-साडेसातशे. म्हणजे माझ्या पोराची एक फेरी, अर्ध्या तासाचा खेळ, म्हणजे त्याच्या आई-बापाची थंडीतली दोन दिवसांची तोड. आणि एका फेरीने काय होतं? राष्ट्रीय पातळीवर मूळ फेरीतच एकशे पंचवीस तबकड्या असतात. त्या दर्जाला जायचं तर सरावाच्या दिवशी शंभर तबकड्या लागतात. महिन्याला असे सोळा दिवस धरा, लाख रुपये झाले. वर्षाचे बारा लाख. बंदूक अजून आलेलीच नाही. नावाजलेली इटालियन दुनळी नवी घ्यायची तर तेवढेच पैसे पुन्हा मोजा.

बरं, स्पर्धेत उतरायचं तर? जिल्हा, राज्य, विभाग, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. पायरी बदलली की प्रवेश फी नवी, प्रवास नवा, मुक्काम नवा, सरावाच्या तबकड्यांची पावती नवी. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये उभी राहिली, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने. मराठी माणूस. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून अख्ख्या देशाचे नेमबाज वर चढतात, आणि शॉटगनच्या शिडीवर मराठी पोरं शोधायची तर भिंग लागतं. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये भारताचे सहा शॉटगन नेमबाज गेले. महाराष्ट्राचा एकही नाही. एक पुदुकोट्टईच्या राजघराण्यातला, एक पतियाळाच्या राजघराण्यातली. त्यांच्या कौशल्याला मी नावं ठेवत नाही, तबकडी वंशावळ बघून फुटत नाही. पण बिकानेरचे महाराजा करणी सिंह १९६० साली ऑलिंपिकला गेले, तेव्हापासून या खेळाचं दार कोणत्या उंचीचं आहे, ते सगळ्यांना दिसतंय. आणि दाराबाहेर उभ्या असलेल्याला आपण सांगतो की, बाबा रे, काडतूस आता चार ग्रॅमने हलकं झालंय.

सवलती आहेत, असंही ऐकवतात. आहेत ना! नामांकित नेमबाजाला आयातीत सूट मिळते, काडतुसांचा कोटा मोठा मिळतो. नामांकित व्हायला गुण लागतात, गुणांना सराव लागतो, सरावाला काडतुसं लागतात. ज्याच्याकडे काडतुसं आहेत त्यालाच काडतुसं स्वस्त, असा हा न्याय.

परवान्याचं बोलू नये, पण बोलतो. शेजारचा बीड जिल्हा आमच्या वेशीला लागून आहे. तिथल्या मस्साजोगच्या सरपंचाचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने होते. कमरेला पिस्तूल लावून रील काढायला परवाना मिळतो. वाढदिवसाला हवेत बार काढणाऱ्यांनाही तो मिळालेला असतो. आणि मी खेळाच्या बंदुकीसाठी चौकशी केली तर टेबलापलीकडचा माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, जणू मीच खंडणी मागायला आलोय.

"कशाला हे नसते नाद? कुस्ती खेळा, कबड्डी खेळा," असा सल्ला हमखास येतो. देणाऱ्याची स्वतःची पोरं टेनिस शिकत असतात. गरिबाने फक्त अंगाला माती लागेल असाच खेळ खेळावा, हे कुणी ठरवलं? भोपाळने तसं ठरवलं नाही. मध्य प्रदेश सरकारच्या नेमबाजी अकादमीने भोपाळजवळच्या खेड्यातली मनीषा कीर उचलली, एका मासेमाराची मुलगी. इटारसीची प्रीती रजक उचलली, कपडे धुण्या-इस्त्रीचा धंदा असलेल्या घरातली. बंदूक सरकारची, काडतूस सरकारचं, राहणं-खाणं सरकारचं. मनीषाने २०१८ मध्ये चांगवोनच्या जागतिक स्पर्धेत ज्युनिअर गटात ट्रॅपचं रौप्य आणलं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताच्या महिला ट्रॅप संघाने रौप्य जिंकलं. त्या संघात तिघी होत्या: मनीषा, प्रीती आणि पतियाळाची राजेश्वरी कुमारी. मासेमाराची मुलगी, धोब्याची मुलगी आणि राजघराण्यातली मुलगी, एकाच पायरीवर. प्रीती पुढे सैन्यात सुभेदार झाली. हे चोवीस ग्रॅमच्या काडतुसाने घडलेलं नाही, काडतुसाचं बिल दुसऱ्याने भरल्याने घडलं.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? बारा बोअरची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात अनेक दशकं बनत आली आहेत. तो कारखाना १८६९ सालचा. नगरचा लष्कराचा केके रेंज तर रणगाड्यांच्या गोळ्यांनी हादरतो, त्याचे आवाज आसपासच्या गावांना सवयीचे झालेत. एवढी दारू ज्या पट्ट्यात जळते, तिथे पोरांना सरावाचं स्वस्त काडतूस मिळू नये? खडकीने चोवीस ग्रॅमचं साधं सरावाचं काडतूस बनवावं आणि ते खेळाडूंना उत्पादनखर्चात द्यावं, ही मागणी करायला कुणी पुढारी पुढे येत नाही. त्यात फीत कापायला काही नाही ना.

आपला उत्साह पदकानंतरचा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये कांस्य जिंकलं. वडील शिक्षक. पोराच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचं छापून आलं, तेही पदक गळ्यात पडल्यावर. मग बक्षीस जाहीर झालं एक कोटी, नंतर ते दोन कोटी केलं. मिळालंच पाहिजे, जास्त मिळालं तरी माझी ना नाही. पण तो रायफलवाला होता, क्रीडा प्रबोधिनीतून वर आला. शॉटगनमध्ये ती पहिली पायरीच नाही. राज्य सरकारच्या मिशन लक्ष्यवेध योजनेतल्या खेळांच्या यादीत नेमबाजी आहे. नाव तर फार छान ठेवलंय. त्यातले किती रुपये तबकडी आणि काडतुसावर गेले, तेवढा एक आकडा क्रीडा खात्याने जाहीर करावा. दोन कोटींत, माझ्या वरच्या हिशेबाने, सोळा पोरांची वर्षभराची काडतुसं येतात.

पोरं कुठून आणायची, हा प्रश्न असेल तर तो माझ्यावर सोडा. पाथर्डीच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे साडेचारला येऊन उभे राहा. पोलीस आणि लष्कर भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी रांगेने दिसतील, फाटक्या बुटांत, हातात मोबाइलची बॅटरी. मढीच्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुकीवर, जिची नळी मुद्दाम वाकडी ठेवलेली असते, त्यातली काही पोरं दहातले आठ फुगे फोडतात आणि दुकानदार पुढचा डाव द्यायला नकार देतो. निवड चाचणी इथे घ्या. मैदान मी बघतो, ग्रामपंचायतीचा ठराव मी आणतो, साहेबांच्या चहा-नाश्त्याचंही माझ्याकडे लागलं. बंदुका आणि काडतुसं तेवढी तुमची आणा, आणि बिल पोरांच्या बापाच्या नावाने फाडू नका.