विधवेचे आठ, परिचारिकेचे बारा

'लिंकनने गुलामांना मुक्त केले' हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो आणि जन्मभर बाळगतो. त्या वाक्याशी माझे भांडण आहे. लिंकनच्या थोरवीविषयी मला शंका नाही. परंतु या वाक्यात गुलाम हा नेहमी कर्म असतो, कर्ता कधीच नसतो. कोणीतरी त्याला बांधले, कोणीतरी सोडले. त्याने स्वतः काय केले, हा प्रश्न या व्याकरणात बसतच नाही.

हॅरिएट टबमन या व्याकरणाला जुमानणारी बाई नव्हती. मेरीलँडमधल्या गुलामीतून ती १८४९ साली पळाली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत पुनःपुन्हा मागे जाऊन तिने सुमारे ७० माणसे बाहेर काढली. एवढी कथा सर्वांना प्रिय आहे. भाविक, धाडसी, करुणामयी! संत म्हटले की पगार द्यावा लागत नाही.

युद्धातली टबमन मात्र अडचणीची आहे. १८६२ साली ती दक्षिण कॅरोलायनात उत्तरेच्या सैन्याच्या तळावर गेली. तिने आजाऱ्यांची शुश्रूषा केली, तशीच हेरांची एक तुकडीही चालवली. कंबी नदीत शत्रूने सुरुंग कोठे पेरले आहेत, ही माहिती मळ्यांवरच्या गुलामांकडूनच मिळवलेली होती. २ जून १८६३ च्या पहाटे कर्नल माँटगोमेरीच्या बोटी कृष्णवर्णीय शिपायांना घेऊन ते सुरुंग चुकवीत नदीत शिरल्या. टबमन त्यांच्याबरोबर होती. भाताची कोठारे जळाली, ७०० हून अधिक गुलाम सुटले आणि त्यांतले १०० हून अधिक पुरुष सैन्यात भरती झाले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिचे हे युद्धकार्य!

आता सरकारचा हिशेब पाहा. सैनिकाची विधवा म्हणून तिला दरमहा ८ डॉलर मिळू लागले. १८९९ साली शुश्रूषेच्या नावाने त्यांत १२ ची भर पडली. हेरगिरीबद्दल निवृत्तिवेतन शून्य. १९१३ साली ती वारली. २०२४ साली मेरीलँडने तिला ब्रिगेडियर जनरल केले. पदवी मिळाली तेव्हा ती घेणारी नव्हती.

कोणी म्हणेल, असा पैशाचा हिशेब मांडून तिच्या त्यागाला उणेपणा कशाला आणता? त्याग तिने केला, देणे सरकारचे होते. त्यागाची आरती ओवाळून देणे बुडवणे, ही सावकारी आपल्याही ओळखीची आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा. ते पान वाचताना आपल्या डोळ्यांपुढे मात्र फक्त गोरे उपकारकर्ते येतात. तेव्हा टबमन हयात होती, हलाखीत दिवस काढीत होती. त्या अर्पणपत्रिकेवर तिचा हक्क इतर कोणाहून कमी नाही.

आपल्या भाषेत 'उद्धार' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. अमक्याने तमक्यांचा उद्धार केला, असे लिहिण्यासाठी लेखणी उचलाल, तेव्हा तमके त्या वेळी काय करीत होते, एवढे आधी विचारा.