तिजोरीचा राखणदार

तिजोरी लुटायला बंदूकच लागते असे नाही. मोक्याच्या खुर्च्यांवर आपली माणसे बसवली की काम भागते. दक्षिण आफ्रिकेत हेच घडले. त्या लुटीच्या आड जे मोजके लोक उभे राहिले, त्यांत प्रवीण गोर्धन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १३ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९४९ साली दर्बानमध्ये जन्मलेले गोर्धन शिक्षणाने औषधनिर्माते. गांधीजींनी १८९४ साली स्थापन केलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसमधून ते घडले. वर्णद्वेषी राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले, छळले. स्वातंत्र्यानंतर १९९९ ते २००९ या काळात महसूल सेवेचे आयुक्त म्हणून त्यांनी करवसुलीची कार्यक्षम यंत्रणा उभी केली. नंतर ते अर्थमंत्री झाले.

खरी कसोटी पुढेच होती. डिसेंबर २०१५ मध्ये अध्यक्ष झुमा यांनी अर्थमंत्री नेने यांना तडकाफडकी काढून एका अपरिचित खासदाराला नेमले. रँड कोसळला आणि चारच दिवसांत गोर्धन यांना परत बोलवावे लागले. झुमांच्या मर्जीतल्या गुप्ता बंधूंची खाती बँकांनी बंद केली, तेव्हा मध्यस्थी करण्यास त्यांनी नकार दिला. एवढेच नव्हे, मंत्र्याला तसा अधिकारच नाही हे ठरवून घेण्यासाठी ते न्यायालयात गेले. गुप्ता सहारनपूरचे, गोर्धनही भारतीय वंशाचे. पण रक्ताच्या नात्यापेक्षा कायदा त्यांना मोठा वाटला. त्यांच्यावर फसवणुकीचा खटला भरण्याची घोषणा झाली, ती मागे घ्यावी लागली. मार्च २०१७ मध्ये मात्र त्यांना मंत्रिपद गमवावे लागले.

रामफोसांच्या काळात सरकारी उद्योगांचे खाते सांभाळताना त्यांना तसे यश लाभले नाही. वीजकपात वाढत गेली, सरकारी विमान कंपनीच्या विक्रीचा करार २०२४ मध्ये फिसकटला. टीका झाली, ती अस्थानी नव्हती.

तरीही एक प्रश्न उरतोच. त्यांनी दहा वर्षे खपून उभारलेली महसूल सेवा त्यांच्या पश्चात आलेल्यांनी चार वर्षांत पोखरली, असे २०१८ च्या न्यूजंट आयोगानेच नोंदवले. सचोटीचा माणूस संस्था उभारू शकतो. पण ती टिकवायची तर पहारा एका माणसावर सोपवून चालत नाही. पहारेकरी बदलला की दार उघडणार असेल, तर दोष कुलपाचाच म्हणावा लागेल.