स्कूटर बघाल, आधी तिचं घराणं बघा

बुऱ्हाणपूरकर मंडळी, शनवारा ते लालबाग रोज ये-जा करणाऱ्याला छोटी इलेक्ट्रिक स्कूटर परवडते, यात वाद नाही. दोन किलोवॉट-तासांची बॅटरी भरायला सव्वादोन-अडीच युनिट वीज पुरते. प्रश्न आहे तो गाडी कुणाची घ्यावी हा. लूमसाठी सूत घेताना आपण गिरणीचं नाव विचारतो, धागा बोटावर ओढून बघतो. स्कूटर घेताना मात्र रंग आणि महिन्याचा हप्ता बघितला की झालं.

ई-लूनाचंच घ्या. पुण्याच्या कायनेटिक ग्रीनने ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आणली, तेव्हा किंमत ६९,९९० रुपयांपासून होती. वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत, ओझं दीडशे किलोपर्यंत. केळीवाल्याला, दूधवाल्याला सोयीची. कंपनी चालवणाऱ्या सुलज्जा फिरोदिया-मोटवानी या एच. के. फिरोदियांच्या नात. फिरोदियांची पहिली लूना १९७२ ची, आपल्या वडीलधाऱ्यांना ती चांगली आठवत असेल. म्हणजे गाडी बनवणारा कोण, कुठला, हे तरी ठाऊक आहे. पण तेवढ्यावर डोळे मिटू नका. याच घराण्याचा दुचाकीचा धंदा २००८ मध्ये महिंद्राकडे गेला होता. नाव जुनं असलं तरी सुटा भाग आज बुऱ्हाणपुरात किंवा खंडव्यात मिळतो का, हे विचारायलाच हवं.

नावात फसगतही होते. हिरो इलेक्ट्रिक ही स्प्लेंडर बनवणाऱ्या हिरो मोटोकॉर्पहून वेगळी कंपनी. परदेशी भाग नियमाबाहेर वापरल्याचा ठपका ठेवून केंद्राने २०२३ मध्ये तिच्यासह काही कंपन्यांकडे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी दिलेलं अनुदान परत मागितलं. डिसेंबर २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या गाड्या ज्यांच्या दारात उभ्या आहेत, त्यांनी बॅटरी बिघडली तर कुणाचं दार वाजवायचं?

आणि काही गाड्यांना तर घराणंच नसतं. बाहेरून आलेले भाग शेडमध्ये जोडायचे, वर चकचकीत स्टिकर. अशा दुकानात एकच कागद मागा: त्याच मॉडेलचं, पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅट या वाहन-चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र. ‘नंतर देतो’ म्हणाला तर नंतरच या.

‘लायसन नको, पासिंग नको’ हे खरं आहे, पण फक्त २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या हलक्या गाडीपुरतं. ‘वेगाचं लॉक काढून चाळीसवर पळवून देतो’ असं कुणी म्हणालं तर हात जोडा. तशी गाडी बेकायदा ठरते, आणि अपघात झाला की सगळं तुमच्या अंगावर.

बॅटरी लिथियमची की लेड-ॲसिडची, हे स्पष्ट विचारा. लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण जड असते आणि लवकर थकते. आपल्याकडचा मे महिना तिला आणखी थकवतो. चार्जिंग सुताच्या बाचक्यांजवळ आणि जिन्याखाली नको. लूमच्या घरात रुईची धूळ असतेच, ठिणगी पडली की ती पेटते. रात्री सगळे झोपल्यावर तर नकोच.

बिल पक्कं घ्या. त्यावर चेसिसचा आणि बॅटरीचा क्रमांक हवा, वॉरंटी किती वर्षांची आणि ती कंपनी देते की दुकानदार, हेही लिहून हवं. दुकानदार ओळखीचा असला तरी हे लिहून मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.